शहराचा नकाशा आणि हवेचा हिशेब

महानगरपालिकेच्या विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले म्हणजे नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर जो भला मोठा रंगीत नकाशा टांगला जातो, त्याच्यापुढे दाटी करणाऱ्या माणसांचे एकदा अवलोकन करावे. कोणी खिशातून सातबाऱ्याचा उतारा काढून आपला सर्व्हे नंबर धुंडाळीत असतो. कोणी आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर शाळेचे वा क्रीडांगणाचे आरक्षण पडले आहे काय, या धास्तीने चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहत असतो. आणि एखादा मुरलेला जमीन-दलाल गावठाणाच्या हद्दीबाहेर पिवळा रंग किती सरकला आहे एवढे नजरेने टिपून कोणाशी अक्षरही न बोलता चालता होतो. पिवळा म्हणजे निवासी, निळा म्हणजे व्यापारी, जांभळा म्हणजे औद्योगिक आणि हिरवा म्हणजे शेतीचा अथवा ना-विकास विभाग. या रंगांनी जमिनीचा भाव ठरतो हे त्या दालनातील प्रत्येकास पक्के ठाऊक असते. परंतु त्याच रंगांनी पुढील अर्धशतकात त्या शहरातून किती कर्बवायू आकाशात जाणार याचाही पुष्कळसा निर्णय तेथेच, त्या भिंतीवर, लागून गेलेला असतो, ही गोष्ट मात्र तेथे जमलेल्यांपैकी क्वचितच कोणाच्या मनात येत असेल. आणि ती न येण्यास कारणही आहे.

कारण असे की, हरितगृह वायूंचा जमाखर्च मांडण्याची आपली रीत उगमस्थानावरून चालते. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये जो वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला, त्यात २०१९ सालचे बृहन्मुंबईचे एकूण उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन, म्हणजे दरडोई सुमारे १.८ टन, इतके धरले आहे. त्यापैकी सुमारे ७२ टक्के भाग घरे, कचेऱ्या, दुकाने व कारखाने यांत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा, मुख्यतः कोळशावर निर्माण होणाऱ्या विजेचा. सुमारे २० टक्के वाहतुकीचा. आणि उरलेला ८ टक्के कचऱ्याचा. हिशेब चोख आहे, पण या तिन्ही सदरांत ‘जमीन’ हे नाव कोठेही नाही. वीज वातानुकूलन यंत्राच्या नावावर पडते आणि धूर मोटारीच्या नावावर. ती मोटार मुळात का काढावी लागली, आणि ते यंत्र दिवसाचे चौदा तास का चालवावे लागते, हे प्रश्न या खतावणीच्या बाहेर राहतात. धूर नळीतून निघतो हे खरेच. परंतु त्याची मंजुरी बहुधा वीसपंचवीस वर्षांपूर्वी कोणा एका नकाशावर सहीशिक्क्यानिशी दिली गेलेली असते, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम अगदी साध्या अंकगणितापासून आरंभ करू. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ज्या गृहस्थाचे घर कचेरीपासून २० किलोमीटरांवर आहे, तो वर्षातील २५० कामाच्या दिवसांत केवळ जाण्यायेण्यासाठी १०,००० किलोमीटर अंतर काटतो. त्याची मोटार लिटरला १५ किलोमीटर चालत असेल तर वर्षाकाठी सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागते, आणि त्यातून दीड टनाहून थोडा अधिक वायू निर्माण होतो. मुंबईकराचे घर, वीज, प्रवास, कचरा सर्व मिळून दरडोई १.८ टन होतात, हा आकडा वर आलाच आहे. तेव्हा एकट्या माणसाचे एकट्या मोटारीतले जाणेयेणेच जवळजवळ तेवढा आकडा गाठते. आता हेच घर चार किलोमीटरांवर आणून ठेवा: धूर एकपंचमांश होतो, आणि रस्ता सावलीचा व पदपथ चालण्याजोगा असेल तर तो गृहस्थ कदाचित मोटार बाहेरच काढणार नाही. इंजिनात सुधारणा करून, विजेवरची वाहने आणून जे साधण्यासाठी कारखानदार व शासन कोट्यवधी रुपये वेचतात, त्याचा मोठा हिस्सा केवळ अंतर कमी ठेवल्याने पदरात पडतो. मात्र अंतर कमी करणे ही गोष्ट त्या गृहस्थाच्या हाती नसते, कारण कचेरी कोठे आणि घर कोठे हे त्याने ठरविलेले नाही.

पुण्याच्या वायव्येस असलेल्या हिंजवडीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी, माण या गावांच्या शिवारात जमीन संपादून माहिती तंत्रज्ञानाचे संकुल वसविले, आणि हा निर्णय रोजगाराच्या दृष्टीने पाहता अतिशय यशस्वी ठरला. परंतु त्या संकुलाची कल्पना औद्योगिक वसाहतीच्या जुन्या साच्यातून आलेली होती. कारखान्यांचा धूर व गोंगाट वस्तीपासून दूर असावा या रास्त हेतूने जांभळा आणि पिवळा रंग अलग ठेवण्याचा जो शिरस्ता पडला, तोच संगणकापुढे बसून निमूटपणे काम करणाऱ्या माणसांनाही लागू झाला. जणू त्यांच्या कामातूनही काजळीच उडणार होती. परिणामी कचेऱ्या एका टोकास, आणि त्यांत काम करणारी मंडळी खराडी, हडपसर, सिंहगड रस्ता, कोथरूड अशी शहरभर विखुरलेली. आसपास निवासी संकुले पुढे उभी राहिली खरी, पण तोवर रस्त्यांवर वाहनांचा जो महापूर लोटावयाचा तो लोटून गेला होता. संकुलातले रस्ते महामंडळाचे, भोवतालची वस्ती ग्रामपंचायतींची, बांधकामाची मंजुरी प्रदेश विकास प्राधिकरणाची आणि बस महामंडळ आणखी निराळेच, असा हा मामला असल्याने अंतराची जबाबदारी कोणाच्याच दप्तरी नोंदली गेली नाही. माणपासून शिवाजीनगरपर्यंतच्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या मेट्रो मार्गाचे काम प्रत्यक्ष सुरू झाले ते दोन दशके उलटल्यावर. आधी नोकऱ्या, मग घरे, आणि सर्वांत शेवटी रूळ, हा क्रम उलटा असता तर आज त्या रस्त्यावर चाके अडकून जे इंधन जागच्या जागी जळते, त्यातले पुष्कळ जमिनीच्या पोटातच राहिले असते.

दोन शहरांतील लोकसंख्या समान असूनही त्यांचे उत्सर्जन किती भिन्न असू शकते, याचा एक प्रसिद्ध दाखला नगररचनाशास्त्राच्या अभ्यासकांत वारंवार दिला जातो. अमेरिकेतील अटलांटा आणि स्पेनमधील बार्सिलोना या दोन शहरांची लोकसंख्या १९९० च्या सुमारास जवळजवळ सारखी होती; परंतु आलँ बेर्तो या फ्रेंच नगररचनाकाराने मोजून दाखविल्याप्रमाणे अटलांटाची नागरी वस्ती ४,२८० चौरस किलोमीटरांवर पसरलेली होती, तर बार्सिलोनाची अवघ्या १६२ चौरस किलोमीटरांत सामावलेली. पुढे वाहतुकीतून होणाऱ्या दरडोई उत्सर्जनाची तुलना झाली तेव्हा अटलांटाचा आकडा बार्सिलोनाच्या सुमारे दसपट भरला. अटलांटाची माणसे काही जात्याच उधळी नाहीत. तेथे घराभोवती मोठे आवार असलेच पाहिजे, दुकान वस्तीत असता कामा नये, असे दंडक नगराच्या नियमावलीतच होते. आणि एवढ्या विरळ वस्तीत भुयारी रेल्वेचे स्थानक कोठेही काढले तरी त्याच्या चालत्या टापूत पुरेसे प्रवासी राहत नाहीत. हवामान-बदलासंबंधी आंतरशासकीय मंडळाच्या २०२२ सालच्या अहवालाने जगातील हरितगृह वायूंपैकी ६७ ते ७२ टक्के उत्सर्जनाचा संबंध नगरांशी जोडला आहे, आणि शहरे आटोपशीर, मिश्र वापराची व चालण्याजोगी वाढली तर शतकाच्या मध्यापर्यंत नागरी ऊर्जेचा खर्च अन्यथा होणाऱ्या खर्चाच्या मानाने सुमारे चतुर्थांशाने कमी राहील असे म्हटले आहे.

आता आपल्या मुंबईकडे वळू, कारण आटोपशीरपणाचा धडा गिरविण्यासाठी तिला बार्सिलोनास जाण्याची गरज नव्हती. लालबाग, परळ, भायखळा, वरळी या गिरणगावात पहाटेचा भोंगा झाला की चाळींच्या जिन्यांवरून माणसांचे लोंढे उतरत आणि पंधरा-वीस मिनिटांत गिरणीच्या फाटकाशी पोचत. खाणावळ, भाजीबाजार, व्यायामशाळा, भजनी मंडळ, दवाखाना, सर्व काही पायांच्या टापूत. गिरण्यांची धुराडी काळा धूर ओकीत असत हे मान्यच आहे, आणि एका खोलीत आठदहा माणसांनी पाळीपाळीने झोपावे अशा त्या जीवनाचे गोडवे गाण्याचाही येथे हेतू नाही; पण कामगाराच्या जाण्यायेण्याचा कर्बभार शून्य होता, आणि तो त्याच्या सद्गुणामुळे नव्हे, तर चाळ आणि गिरणी एकमेकींना लागून होत्या म्हणून. याच्या जोडीला ट्राम होती. १८७४ साली घोड्यांनी ओढली जाणारी, १९०७ पासून विजेवर धावणारी ही ट्राम मार्च १९६४ च्या अखेरीस बंद झाली, आणि ज्या काळात शहराचा पहिला विकास आराखडा आकार घेत होता त्याच काळात एका स्वस्त, निर्धूम वाहनास आपण निरोप दिला हा योगायोग मनाला लागून राहतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याचे उत्तर स्थूलमानाने असे दिले होते की, गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक हिस्सा सार्वजनिक घरबांधणीसाठी गृहनिर्माण मंडळास, आणि उरलेला मालकास मिळावा. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सबंध जमिनीची न होता केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची व्हावी, असा त्या दुरुस्तीचा मथितार्थ. आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शब्द थोडेच बदलले, पण त्यामुळे उद्याने व कामगारांची घरे यांच्या वाट्याची जमीन अतिशय आक्रसली, आणि गिरण्यांच्या आवारांत मॉल, काचेच्या कचेऱ्या व गगनचुंबी निवास उभे राहिले. गिरणी कामगारांच्या वारसांना सोडतीत जी घरे लागली त्यांतील काही पनवेलजवळच्या कोन येथे आहेत, परळपासून चाळीसेक किलोमीटर अंतरावर. बापाला ज्या परळात कामावर पोचण्यास पायांखेरीज काहीच खर्चावे लागले नाही, तेथे पोचण्यास मुलाने आता रोज दोन वेळा निम्मे कोकण ओलांडावे, असा हा नियमदुरुस्तीचा वारसा आहे. न्यायाचा प्रश्न बाजूस ठेवला तरी हवेच्या हिशेबात हे नुकसानच.

त्याच १९९१ च्या नियमावलीत विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘टीडीआर’ची, तरतूद आली. रस्त्यासाठी वा उद्यानासाठी ज्याची जमीन आरक्षित झाली त्याला रोख मोबदल्याऐवजी अन्यत्र बांधण्याचा हक्क द्यावा, ही कल्पना पालिकेच्या तिजोरीच्या दृष्टीने मोठी चतुर होती. परंतु हा हक्क मूळ बेटावर वापरता येत नव्हता. तो उत्तरेकडे, उपनगरांतच, खर्ची घालावा लागे. बेटावरची गर्दी वाढू नये हा हेतू चांगलाच. पण नोकऱ्या दक्षिणेस आणि बांधकामाचे हक्क उत्तरेस, अशी ही विभागणी होती, आणि ते हक्क जेथे उतरले तेथे रेल्वेचे स्थानक चालत्या अंतरावर आहे की नाही हे विचारण्याचे बंधन नव्हते. बोरिवली, कांदिवली, मुलुंड येथे मजल्यांवर मजले चढले. सकाळी भरलेल्या गाड्या दक्षिणेकडे आणि त्यामानाने रित्या उत्तरेकडे, संध्याकाळी नेमके उलट. करोनापूर्व काळात दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहून नेणारी ही लोकल गाडी मुंबईचे दरडोई उत्सर्जन इतके कमी ठेवणारा मुख्य आधार आहे. नियमावल्यांनी तिच्यावर भार टाकला, आणि तिने तो निमूटपणे वाहिला. ज्यांस तो भार सोसवेना आणि परवडू लागले, ते मोटारीत जाऊन बसले.

या एकदिशी ओघास वळण लावण्याची एक संधी मात्र मुंबईस खरोखर मिळाली होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे, पूर्वेस, जुळे शहर, म्हणजे पुढची नवी मुंबई, वसविण्याची योजना मांडली आणि १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून ती लोकांपुढे आली. निव्वळ घरे पूर्वेस नेल्याने काहीच साधणार नाही, घरांबरोबर कामेही गेली पाहिजेत, आणि त्यासाठी राज्य शासनाने स्वतःच्या कचेऱ्या प्रथम हलवाव्यात, हा त्या योजनेचा कणा होता. १७ मार्च १९७० रोजी या नव्या शहरासाठी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली. ३४४ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र अधिसूचित झाले. ९५ गावांच्या शेतजमिनी, मिठागरे संपादण्यास आरंभ झाला, आणि त्या संपादनाची किंमत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली झालेल्या जासईच्या आंदोलनात आगरी-कोळी शेतकऱ्यांनी रक्त सांडून मोजली. एवढे सारे झाले, आणि शासन मात्र हलले नाही. उलट ज्या दशकात हे शहर कागदावरून जमिनीवर उतरत होते त्याच दशकात दक्षिण टोकास नरिमन पॉइंटवर समुद्र बुजवून एकामागून एक मनोरे चढले, आणि सर्वांचा ओघ पुन्हा त्या चिंचोळ्या टोकाकडेच लागला. १९७४ साली तेथे पुरी झालेली एअर इंडियाची इमारत मंत्रालयाच्या वाढत्या कचेऱ्यांसाठी राज्य शासनास विकण्यास केंद्राने २०२४ साली मंजुरी दिली, हे वाचून शिरीष पटेल यांच्या पिढीतील नगररचनाकारांस काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

तरीही नवी मुंबईत जे झाले ते नगण्य नाही, आणि टीकेच्या भरात ते विसरता कामा नये. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ च्या मे महिन्यात खाडी ओलांडून गेली. पुढच्या मार्गांचा दोनतृतीयांश खर्च सिडकोने उचलला आणि स्थानकांच्या डोक्यावरच कचेऱ्यांच्या इमारती बांधल्या. नेरूळ, बेलापूर, खारघर ही उपनगरे स्थानकाभोवती गुंफलेली आहेत. सेक्टरमधून पायी दहा मिनिटांत फलाट गाठता यावा, अशी आखणी पुष्कळ ठिकाणी साधली. मशीद बंदरच्या गल्ल्यांत कोंडलेला कांदा-बटाट्याचा व धान्याचा घाऊक बाजार तुर्भ्यास आणि पोलादाचा कळंबोलीस गेल्याने घाटावरून उतरणारे मालमोटारींचे तांडे दक्षिण मुंबईच्या पोटात शिरेनासे झाले. याउलट मिठी नदीच्या पाणथळीवर भराव टाकून उभे केलेले वांद्रे-कुर्ला संकुल पाहा: लाखो लोकांच्या कामाची जागा, पण तिच्या पोटात रेल्वेचे स्थानक नाही. वांद्रे वा कुर्ला स्थानकावर उतरून ‘शेअर’ रिक्षाच्या रांगेत ताटकळत राहण्याचे व्रत तेथील कारकुनांनी तीन दशके पाळले. भुयारी मेट्रो तेथे पोचली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये.

येथपर्यंतच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, दाटी करावी, मनोरे चढवावेत, म्हणजे झाले. बिल्डर मंडळींचा तर हा आवडता युक्तिवाद आहे, आणि जादा चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर जादा बांधकाम, मागण्यासाठी तो हल्ली पर्यावरणाचे सोवळे नेसवून पुढे केला जातो. त्यात दोन गफलती आहेत. एक तर मुंबईचे १.८ टन हे सर्वस्वी नगररचनेचे श्रेय नव्हे. मुंबईचा मोठा हिस्सा झोपडपट्टीत राहतो, त्याच्या घरी वातानुकूलन नाही व दारी मोटार नाही, म्हणून तो आकडा खाली आहे, आणि दारिद्र्यास हवामाननीती म्हणण्याइतके निर्ढावणे आपल्यास शोभणारे नाही. दुसरे असे की, उंची म्हणजे दाटी नव्हे. गिरणगावातल्या चाळीच्या एका मजल्यावर जेवढी कुटुंबे राहत, तेवढी कुटुंबे आज त्याच जागेवरच्या मनोऱ्याच्या कित्येक मजल्यांत मिळून राहतात. आणि त्या मजल्यांच्या खाली असतात वाहनतळाचे मजले, ज्यांचे आवश्यक क्षेत्र चटई क्षेत्र निर्देशांकात गणलेच जात नाही. इतकेच नव्हे, सदनिकेच्या आकारानुसार अमुक मोटारींची जागा ठेवलीच पाहिजे असा नियमावलीचा आग्रह असतो. जी जागा फुकट मिळते आणि ठेवणे सक्तीचे असते ती रिकामी राहत नाही. तेव्हा दोन शेजारी भूखंडांवर सारखेच चटई क्षेत्र असले तरी एकाचे रहिवासी पायी स्थानकावर जातात आणि दुसऱ्याचे उद्वाहनाने थेट मोटारीत उतरतात, हे ठरते ते खालच्या मजल्यांवर काय बांधावे या नियमाने.

शिवाय बांधकामाचा स्वतःचा कर्बभार असतो. सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते, आणि भट्टीस जाळावयाचे इंधन कितीही शुद्ध असले तरी चुनखडीच्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याचा आहे. चटई क्षेत्र वाढवून मिळाले की चाळीस वर्षांची धडधाकट चार मजली इमारत पुनर्विकासात जाते. तिच्या भिंतींत एकदा खर्ची पडलेला वायू वाया जातो तो जातोच, वर बावीस मजल्यांसाठी नव्याने तेवढ्याच्या कितीतरी पट वायू सोडावा लागतो. इमारत जीर्ण झाली म्हणून पाडणे निराळे, आणि निर्देशांक बदलला म्हणून पाडणे निराळे. आपल्या शहरांत दुसरा प्रकार अधिक बोकाळला आहे.

विजेचा प्रश्नही शेवटी रस्ता आणि भूखंड यांच्या आखणीशी येऊन भिडतो. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे काढले ते मुख्यतः समुद्रावरचे वारे कोंदट वस्तीत खेळावे म्हणून. त्याच ट्रस्टने वसविलेल्या दादर-माटुंग्यात आजही फाइव्ह गार्डन्सच्या झाडीतून चालताना बाजूच्या रस्त्याहून हवा निवलेली जाणवते. साथीच्या भीतीने का होईना, पण वाऱ्यास मालमत्तेत हक्क देणारी ती नगररचना होती. नंतरच्या आराखड्यांत वाऱ्याचे खाते बंद झाले. पश्चिमेच्या काचभिंती, मध्ये न सोडलेली अंतरे, डांबर व काँक्रीटखाली गेलेली माती, यांमुळे रात्रीही उष्मा उतरत नाही. मग यंत्रे चालतात, ती आतली उष्णता गल्लीत फेकतात, आणि गल्ली तापली म्हणून शेजाऱ्यालाही यंत्र घ्यावे लागते. सुमारे ७२ टक्क्यांचे जे सदर वर आले आहे, ते फुगण्याचा एक मार्ग हा आहे.

राहता राहिली खुद्द जमीन. जमीन ही कर्बाची कोठी आहे, आणि क्षेत्राच्या मानाने पाहता खारफुटीची जमीन सर्वांत भरलेल्या कोठ्यांपैकी एक. ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी उभे राहिले तर काळ्या चिखलास गंधकाचा जो उग्र दर्प येतो, तो त्या चिखलात प्राणवायू नसल्याची खूण आहे. प्राणवायू नाही म्हणून गळलेली पाने, मुळे कुजून हवेत जात नाहीत, थरांवर थर साचत जातात. भराव घालून, पाणी तोडून ती जमीन सुकविली की शतकांची ही साठवण हवेशी संयोग पावून थोड्या वर्षांत उडू लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि २०२२ साली ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तथापि नकाशावर भरतीरेषा काही मीटर सरकवून घेण्याची कला आपल्याकडे लुप्त झालेली नाही. मात्र प्रत्येक हिरवा रंग सारखाच पुण्यवान असतो असेही समजू नये. रायगडातले भाताचे खाचर पाण्याखाली असताना मिथेन सोडते, तेव्हा ते बिनशेती झाल्याने हवेचे नुकसान होते ते खाचर गेल्यामुळे तितके नव्हे, जितके त्याच्या जागी आलेल्या व स्थानकापासून सात किलोमीटर दूर असलेल्या वसाहतीमुळे होते. पुण्याच्या टेकड्यांचे तसे नाही. १९९७ साली पालिकेत आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्यास राज्य शासनाने २०१५ साली मान्यता दिली, त्यामुळे झाडी व झिरप यांबरोबरच शहराच्या पसरण्यास एक नैसर्गिक बांध मिळाला. फक्त जमीनमालकांच्या मोबदल्याचा तंटा मिटत नाही, आणि मोबदल्याविना आरक्षण किती काळ टिकते हे प्रत्येक नगरसेवकास ठाऊक आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यात आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करण्याची, हरकती व सूचना मागविण्याची, सुनावणीची, वीस वर्षांनी फेरतपासणीची, आणि मधल्या काळात ३७ व्या कलमाखाली किरकोळ फेरबदल करण्याची तपशीलवार तरतूद आहे. हिरव्याचा पिवळा करणारे पुष्कळ निर्णय याच ‘किरकोळ’ वाटेने, एकेका सर्व्हे नंबरापुरते, मंजूर होतात. अशा प्रस्तावावर रस्त्याची रुंदी, पाणी, मलनिःसारण यांविषयी अभिप्राय मागविले जातात. तेथे राहावयास येणाऱ्यांना कामावर, शाळेत, बाजारात पोचण्यास रोज किती किलोमीटर जावे लागेल, आणि त्यासाठी बस वा रेल्वे आज उपलब्ध आहे काय, हे मोजून लिहिण्याची सक्ती अधिनियमात कोठेही नाही. मुंबई महापालिकेने २०२४ पासून अर्थसंकल्पाबरोबर वातावरणविषयक खर्चाचे निराळे पुस्तक काढण्यास सुरुवात केली, हे स्वागतार्ह आहे. पण ते पुस्तक पर्यावरण खात्याचे, आणि आराखडा नगररचना खात्याचा. मोजमाप अवघड मुळीच नाही. स्थानकांचे व बसथांब्यांचे नकाशे, नोकऱ्यांची ठिकाणे आणि लोकसंख्येचे अंदाज ही सर्व सामग्री नगररचना कार्यालयातल्या संगणकावर आजच उपलब्ध असते. फेरबदलाच्या प्रस्तावास जोडावयाच्या कागदांच्या यादीत आणखी एक रकाना वाढविण्यास शासनाचे एक परिपत्रक पुरेल, आणि तोपर्यंत हरकतीच्या महिनाभराच्या मुदतीत हा प्रश्न लेखी विचारण्यास कोणत्याही नागरिकास कायद्याने मनाई केलेली नाही.